वाहत्या पाण्याच्या टाकीत ग्लिप्टोथोरॅक्स: चारांपैकी दोन गेले, उरलेले दोन कसे जगवावेत?

ओढेकर (पुणे)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षे मी गोड्या पाण्यातले मासे पाळतो आहे, परंतु डोंगरी ओढ्यांतल्या कॅटफिशचा हा माझा पहिलाच अनुभव आहे आणि आतापर्यंत तरी तो सुखाचा नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुकानात ‘हिलस्ट्रीम कॅटफिश, उत्तर बंगाल’ एवढीच चिठ्ठी लावलेले चार मासे दिसले. बोटाएवढी लांबी, तपकिरी अंगावर फिकट पट्टे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. आणि काचेला चिकटल्यावर खालच्या बाजूने पाहिले, तर छातीवर नऊवारीच्या निऱ्यांसारख्या बारीक उभ्या चुण्या. या चुण्यांवरून ते ग्लिप्टोथोरॅक्स या वंशातले असावेत असा माझा अंदाज आहे. नेमकी जात दुकानदारालाही सांगता आली नाही.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. दगडगोटे वजा जाता साधारण १४० लिटर पाणी मावते. ताशी १००० लिटरचा, टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आहे, आणि हे मासे वेगवान पाण्यातले म्हणून मी तळाशी एक वेव्हमेकरही (पाणी ढकलणारा छोटा पंप) बसवला. अमोनिया शून्य, नायट्रेट १५ च्या आसपास. पाण्याचे तापमान मार्चमध्ये २७ अंश होते, आज दुपारी २९ भरले.

पहिला मासा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. रात्री साधारण दोन ते पाच या वेळेत वीज नव्हती. सकाळी पाहिले तेव्हा तो कोपऱ्यात, पाण्याच्या रेषेच्या अर्धा वर, काचेला चिकटलेला होता. मिशा काचेवर पसरलेल्या आणि कल्ले थांबलेले. त्याच टाकीतले झेब्रा डॅनिओ मात्र काही घडलेच नाही अशा थाटात फिरत होते. दुसऱ्याने अन्नाला कधी तोंडच लावले नाही. त्याचे पोट आत जात जात पाठीला लागले आणि गेल्या सोमवारी तोही गेला.

माझे प्रश्न असे आहेत. प्रवाह आणखी किती वाढवावा? पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवावे? यांना खायला काय आणि कसे द्यावे? शिवाय मुळशीच्या बाजूच्या ओढ्यांतही याच कुळातले मासे मिळतात असे एका मित्राने सांगितले. तिथून दोन आणून संख्या पुन्हा चार केली तर चालेल का?

नदीवेडी (ठाणे)

ओढेकर, वर्णन नीट दिल्याबद्दल आधी आभार. ‘मासा मेला, का मेला’ एवढ्यावर उत्तर मागणारेच अधिक भेटतात.

तुमच्या टाकीत प्रवाह कमी पडला असे मला वाटत नाही. प्राणवायू कमी पडला. या दोन गोष्टींची गल्लत जवळजवळ प्रत्येकाकडून होते, कारण ‘हिलस्ट्रीम’ हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे धो धो पाणी येते आणि आपण जाऊन सर्वांत दांडगा वेव्हमेकर विकत घेतो. प्रत्यक्षात हा मासा धारेच्या मधोमध पोहत नसतो. तो दगडाला पोट टेकून बसतो, आणि दगडाच्या अगदी लगतच्या पाण्याचा थर, वर कितीही खळखळाट असला तरी, पुष्कळ संथ असतो. शरीर चपटे, छातीवर चुण्या, कल्ल्यांजवळचे पर आडवे पसरलेले, ही सारी रचना त्या पातळ थरात टिकून राहण्यासाठी आहे. मात्र वरचे पाणी दगडांवर आपटून, फुटून, हवेत मिसळून येत असल्यामुळे त्याच्या कल्ल्यांशी पोचणारे पाणी प्राणवायूने भरलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या अशा पाण्यात काढलेल्या माशाला कमी प्राणवायूत तग धरण्याची सवय कुठून असणार?

आता आकडे पाहा. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तोच ७.५ च्या आसपास येतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तुमच्याकडे त्यातूनही थोडा वजा होतो. म्हणजे २९ अंशांना पाणी पूर्ण संपृक्त असले तरी हातात सातच्या आसपासच उरतात, आणि त्याच वेळी, पाणी गरम म्हणून, माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अशात तीन तास पंप बंद. डॅनिओ वरच्या थरात फिरून निभावतात, हा मासा तळाशी बसून वाट पाहतो आणि अगदी शेवटी वर चढतो. तुम्हाला तो पाण्याच्या रेषेवर सापडला, यातच सगळे आले.

वेव्हमेकर तळाशी बसवल्यामुळे पाणी फिरत राहिले, पण पृष्ठभाग मोडला नाही. तो वर आणा, पृष्ठभागापासून चार बोटे खाली, तोंड किंचित वर करून, म्हणजे अख्ख्या लांबीवर पाण्याला सुरकुत्या पडतील. कॅनिस्टरचे परतीचे पाणीही पाण्याखाली न सोडता आडव्या भोकांच्या नळीतून वरून पडू द्या. आवाज होईल, घरातले आठ दिवस बोलतील, मग सवय होते.

एकूण फिरते पाणी ताशी टाकीच्या दहा ते पंधरापट असावे, म्हणजे तुमच्याकडे दोन हजार लिटरच्या आसपास, आणि शक्यतो एकाच दिशेने. मी स्वतः तळाखालून पाइप टाकून ही सोय केली आहे. एका टोकाला जाड स्पंज चढवलेली तोंडे, तिथून पाऊण इंची पीव्हीसीचे दोन पाइप वाळूगोट्यांखालून दुसऱ्या टोकाला, आणि तिथे पंप. पंप स्पंजमधून पाणी ओढतो आणि वरून पुन्हा स्पंजाच्या दिशेने फेकतो, त्यामुळे टाकीभर एकच धार वाहते. एल्बो आणि टी हे पाइपचे जोड नुसते दाबून बसवा, चिकटवायचे सोल्युशन लावू नका. आतला भाग पाण्याखालीच असल्याने थोडी गळती झाली तरी बिघडत नाही, आणि साफसफाईच्या दिवशी सगळे सुटे करता येते. स्पंजाविना एकही तोंड उघडे ठेवू नका. या माशांना पंपाच्या तोंडाशी जाऊन बसण्याची खोड असते.

तापमानाबाबत मी चिलरच, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्रच, घ्या म्हणेन. महाग आहे, वीजही खातो, पण २९ अंशांवर तुम्ही या माशांना रोज थोडे थोडे थकवता आहात.

तिस्ताकाठ (सिलिगुडी)

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त सहा वर्षे सिलिगुडीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिस्ता नदीला मिळणाऱ्या ओढ्यांकडे जाणे हा माझा नेम आहे. तुमचे मासे जिथून आले असावेत ते पाणी पाहिलेले असल्यामुळे थोडे लिहितो.

जानेवारीत त्या पाण्यात हात मनगटापर्यंत घातला तर मिनिटभरात बोटे बधिर होतात. तळाला नारळाएवढे आणि त्याहून मोठे गोटे, त्यांच्यामध्ये जाड वाळू, आणि गोट्यांवर हिरवट तपकिरी निसरडा थर. मासा वरून कधीच दिसत नाही. गोटा उचलला की खालच्या बाजूला, उलटा, पोट वर करून चिकटलेला सापडतो, आणि हवेत आल्यावरही दोन-तीन क्षण सुटत नाही. त्याच गोट्यावर मेफ्लाय या पाणकिड्याची चपटी पिल्ले आणि वाळूच्या कणांची घरटी करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या असतात. त्याचे जेवण त्याच्या छपरालाच टांगलेले असते म्हणा ना. पावसाळ्यात मात्र याच ओढ्याचे रूप असे पालटते की काठावर उभे राहून पाण्याखाली गडगडणाऱ्या दगडांचा आवाज ऐकू येतो.

तुमच्या दुसऱ्या माशाबद्दल मला असे वाटते की तो तुमच्याकडे येण्याआधीच अर्धा गेलेला होता. हे मासे टाकीत वाढवलेले नसतात, ओढ्यातून पकडलेले असतात. पकडणाऱ्याकडे काही दिवस, गोळा करणाऱ्याच्या टपात काही दिवस, मग कोलकाता, मग थर्माकोलच्या खोक्यातून तुमचे शहर, मग दुकान. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना उपाशीच ठेवतात, आणि दुकानात समोर टाकलेले तरंगते दाणे त्यांना अन्न म्हणून ओळखूच येत नाहीत. पुढच्या वेळी घेण्याआधी दुकानदाराला सांगून मासा काचेला चिकटू द्या आणि खालून पोट पाहा. छातीच्या मागे खड्डा दिसला तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका. शक्य असेल तर आपल्यासमोर एक घास खाताना पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.

अन्न दिवे मालवल्यानंतर द्या. ब्लडवर्मचा (डासासारख्या माशीच्या लाल अळ्यांचा) गोठवलेला तुकडा वाटीत वितळवून, लांब नळी जोडलेल्या सिरिंजने, माशाच्या पुढे वीतभर अंतरावर दगडाच्या आडोशाला सोडा. प्रवाहाच्या तोंडाशी टाकलेले सगळे डॅनिओंच्या पोटात जाते आणि आपल्याला वाटते की कॅटफिश जेवला. धुऊन बारीक चिरलेले गांडूळही उत्तम. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातला बारीक लाल जंत, ते हावरेपणाने खातात हे खरे, पण तो कुठल्या गटारातून आला असेल हे आठवले की माझा हात आखडतो.

खळाळ (कोल्हापूर)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. मुळशीच्या ओढ्यातून दोन आणू नका.

ग्लिप्टोथोरॅक्सच्या काही जाती सह्याद्रीतच आढळतात, हे तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ मध्ये त्यांतल्या एकीचे ‘लोनाह’ असे वर्णन केले. स्थानिक मराठी नावांवरून जातींची नावे ठेवण्याची त्याची पद्धतच होती. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ग्लिप्टोथोरॅक्स पुनाएन्सिस ही जात नोंदवली. म्हणजे ज्या नदीच्या पुलावरून आपण नाक दाबून जातो, त्या नदीतल्या माशाला पुण्याचे नाव आहे. आज ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. तिची अडचण टाकी पाळणाऱ्यांमुळे सुरू झालेली नाही. सांडपाणी, वाळूउपसा आणि बंधारे यांनी तिचे खळाळ एकेक करून हिरावून घेतले. पण जिथे मोजके मासे उरले असतील अशा एखाद्या ओढ्यातून कोणी दोन, कोणी चार असे उचलत राहिले, तर तिथे अंडी घालायला कोण उरणार? आणि अभयारण्याच्या हद्दीतून मासा उचलणे हा सरळसरळ गुन्हा आहे. घाटमाथ्यावर ती हद्द कुठे सुरू होते हे आपल्याला पुष्कळदा कळतही नाही.

होरा यांचा उल्लेख आलाच आहे तर एक अवांतर. १९३० साली त्यांनी वेगवान प्रवाहातल्या प्राण्यांच्या चिकटण्याच्या अवयवांवर सविस्तर लिहिले, आणि तुम्ही ज्यांना निऱ्या म्हणता त्या चुण्यांचा त्यात मोठा भाग आहे. त्या म्हणजे काही जळवेची चूषकं नव्हेत. चुण्यांच्या कडांवर कठीण झालेल्या कातडीचे अतिसूक्ष्म काटे असतात आणि ते दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकतात. ग्लिप्टोथोरॅक्समध्ये चुण्या साधारण उभ्या जातात, तर हिमालयातल्याच स्यूडेकेनिस या दुसऱ्या कॅटफिशमध्ये त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात. तेव्हा तुमची ओळख, वर्णनावरून तरी, बरोबर दिसते. टाकीसाठी याचा अर्थ एवढाच की दुकानातले पॉलिश केलेले चकचकीत दगड देखणे असले तरी या माशाच्या उपयोगाचे नाहीत. कडा घासलेले पण पृष्ठभाग खरखरीत असलेले नदीचे गोटे घ्या.

एक विनंती आणखी. उद्या हे मासे सांभाळणे जमले नाही तर दयेपोटी मुठेत सोडू नका. तिस्तेच्या बाजूचा मासा सह्याद्रीतल्या पाण्यात गेला तर एक तर मरेल, किंवा इथल्या जातीला नको ते रोग देईल. हौसेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा आज उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यांत येतो आणि जाळी फाडतो, हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

काचघर (नाशिक)

नदीवेडीताईंचे प्राणवायूबद्दलचे सगळे पटले, चिलरबद्दलचे मात्र पटले नाही. ठाण्यात हवा दमट असते, तिथे पंख्याने पाणी फारसे थंड होत नाही आणि चिलरला पर्याय नाही. पुण्या-नाशिकचा एप्रिल कोरडा असतो. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने टाकीतलेही होते. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी घट्ट ताणून बसवा आणि कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावा. माझ्याकडे यात तीन अंशांचा फरक पडतो. जाळी टाळू नका, कारण हा मासा ओल्या काचेवरून चढतो. माझा एक सकाळी सोफ्याखाली सापडला होता.

पंख्यामुळे दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून जाते. ते भरून काढताना बोअरचे पाणी वापरू नका; वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि महिन्याभरात पाणी जड होऊन बसते. भर आरओच्या पाण्याची घाला. आठवड्याचे तिसरा हिस्सा पाणी बदलणे मात्र क्लोरीन काढून टाकलेल्या नळाच्या पाण्यानेच करा. बर्फाच्या बाटल्या टाकणे मी बंद केले, कारण दुपारी पाणी २४ आणि रात्री २९ अशा हेलकाव्यांपेक्षा स्थिर २६ पुष्कळ बरे.

पंप निवडताना वॅट पाहा. पंपाची जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन पाण्यातच उतरते, तेव्हा स्वस्त चाळीस वॅटचा पंप घेणे म्हणजे छोटा हीटर लावण्यासारखेच आहे.

विजेसाठी बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर एक लहान पंप त्यावर जोडून ठेवा, आणि वीज जायची वाट न पाहता एका सुट्टीच्या दिवशी मुख्य बटण बंद करून ही व्यवस्था खरोखर किती तास चालते ते मोजा. माझी पहिली बॅटरी खोक्यावर आठ तास लिहिलेली होती, निघाली पावणेतीन तासांची.

आणि औषधांबद्दल. या माशांना खवले नसतात. पांढरे ठिपके आले तर दुकानदार सवयीने तापमान ३० अंशांवर न्या आणि औषधाचा पूर्ण डोस द्या असे सांगतो. इथे पहिल्या सल्ल्याने मासा गुदमरेल आणि दुसऱ्याने पोळेल. तांबे असलेले औषध तर आणूच नका. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणे हाच खरा इलाज आहे. मी एकदा हे टाळले आणि त्यात पाच मासे घालवले. दोष सर्वस्वी माझा होता.

नदीवेडी (ठाणे)

काचघर, पंख्याचा मुद्दा मान्य. कोरड्या हवेचा विचार मी केला नव्हता. फक्त जून लागला, हवा दमट झाली, की तुमचे ते तीन अंश एकवर येतील. तेव्हा ओढेकरांनी पहिला पाऊस पडेपर्यंत थर्मामीटरवरची नजर हलवू नये.

ओढेकर (पुणे)

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

मुळशीचा विचार सोडला, आणि मित्रालाही खळाळ यांचे उत्तर वाचायला दिले. पाइपची व्यवस्था गेल्या पंधरवड्यात केली. एक एल्बो नीट बसला नव्हता, त्यामुळे दोन दिवस वाळू एका कोपऱ्यात ढिगासारखी गोळा होत होती, ते ध्यानात आल्यावर दुरुस्त केले. पंप १८ वॅटचा आहे. पंखे लावल्यापासून दुपारचे तापमान २६ च्या पुढे गेलेले नाही, बाहेर ४० असतानाही नाही. बॅटरीचा पंप मोजून पाहिला, साडेचार तास चालला.

जेवणाला मात्र वेळ लागला. पहिले नऊ दिवस सिरिंजने सोडलेले ब्लडवर्म सकाळी जसेच्या तसे दगडाआड पडलेले असायचे आणि मी ते नळीने ओढून बाहेर काढायचो. दहाव्या रात्री लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात बसून पाहिले. मोठा मासा गोट्याच्या खालून नुसत्या मिशा बाहेर काढून होता. अळी त्यातल्या एका मिशीला लागली, क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग तो इतक्या झटक्यात पुढे आला की वाळूचा छोटा ढग उठला. धाकटा अजून बुजरा आहे, पण त्याच्या छातीमागचा खड्डा भरत आला आहे.

एक शंका उरली आहे. मोठा मासा अलीकडे सगळे गोटे सोडून स्पंजाच्या वरच्या कडेवरच दिवस काढतो. श्वास संथ आहे, रंग चांगला आहे, रात्री जेवायला खाली उतरतो. तिथे ओढ सर्वांत जास्त असल्यामुळे वाहून आलेले बारीकसारीक अन्न अडकते, म्हणून तो तिथे बसतो, की मी गोट्यांची मांडणी चुकवली आहे?

तिस्ताकाठ (सिलिगुडी)

श्वास संथ असेल तर काळजी नको. पण स्पंजापुढे एक मोठा चपटा दगड तिरका टेकवून, त्याच्याखाली बोटभर फट राहील असे करून पाहा. तिथे ओढही मिळेल आणि छप्परही. चार दिवसांत तो फटीत गेला तर तुमची मांडणी चुकली होती. नाही गेला तर त्याला स्पंजच आवडतो, आणि मग तो स्पंज पिळायच्या दिवशी आधी हात फिरवून पाहत जा.